जाहिरातीत पाच खोल्या, कागदावर किती? घर घेऊन धंदा सुरू करण्याआधी हे तपासा



होमस्टे, खानावळ, शिकवणी वर्ग, मुलींसाठी पीजी, घरगुती पार्लर. या सगळ्या धंद्यांत दुकानाचा गाळा लागत नाही, घर लागतं. आणि घराची जाहिरात नेहमी खोल्यांच्या भाषेत असते. थ्री बीएचके, पाच खोल्यांचा बंगला, सहा खोल्यांचं कोकणी घर. आपण तोच आकडा उचलतो, वहीत लिहितो आणि त्यावर धंद्याचं गणित मांडतो. पण हा आकडा कोणी मोजला? विकणाऱ्याने. तो चुकीचा निघाला तर नुकसान कोणाचं? तुमचं.

आधी नुकसान किती होऊ शकतं ते बघू, म्हणजे पुढची कटकट कशासाठी करायची ते पटेल.

समजा, रत्नागिरी जिल्ह्यात समुद्रापासून थोडं आत एक कौलारू घर विकायला आहे. एजंट म्हणतो, "दादा, पाहुण्यांना द्यायला पाच खोल्या आहेत, शिवाय तुम्हाला राहायला मागचा भाग वेगळा." तुम्ही २५ लाखांचं कर्ज काढलंत, ९ टक्के व्याज, १५ वर्षं. हप्ता साधारण २५,३५० रुपये, म्हणजे वर्षाला सुमारे ३ लाख ४ हजार. एका खोलीचं भाडं रात्रीला २,००० रुपये धरू आणि वर्षात प्रत्येक खोलीच्या ९० रात्री भरतील असं मानू. पाच खोल्यांचे झाले ९ लाख. स्वयंपाक, साफसफाई, वीज, बुकिंगचं कमिशन, डागडुजी यात ४५ टक्के गेले, तरी हातात ४ लाख ९५ हजार राहतात. हप्ता भरून घरखर्चाला थोडं उरतं. धंदा चालतो.

आता त्याच घरात कागदोपत्री तीनच खोल्या निघाल्या आणि बाकीच्या दोन वापरता येईनात. भाडं आलं ५ लाख ४० हजार. खर्च जाऊन उरले २ लाख ९७ हजार. बँकेचा वर्षाचा हप्तासुद्धा निघत नाही! खोल्या साफ करा, नाश्ता करा, पाहुण्यांचे फोन घ्या आणि वर खिशातून पैसे घाला. आकडे मी उदाहरणासाठी घेतलेत. तुमचे आकडे घालून हेच गणित दोनदा करा, एकदा जाहिरातीच्या खोल्यांवर आणि एकदा कागदावरच्या. दुसरं उत्तर तोट्यात येत असेल तर सौदा तिथेच थांबवा.

कोणता कागद काय बोलतो?

इथे बहुतेकांची गल्लत होते. लोक विचारतात, "सर, सातबारावर बघितलं, सगळं क्लिअर आहे, मग खोल्यांचं काय?" अहो, सातबारा जमिनीबद्दल बोलतो. गाव नमुना सातमध्ये हक्क आणि बोजे, बारामध्ये पिकं. घरात किती खोल्या आहेत हे त्याला ठाऊकच नाही. मिळकत पत्रिका, म्हणजे आपण ज्याला प्रॉपर्टी कार्ड म्हणतो, तीही तशीच. नगर भूमापन क्रमांक, जागेचं क्षेत्र, धारकाचं नाव, फेरफार. खोल्या नाहीत. गावठाणात ड्रोनने मोजणी करून जी नवी कार्डं दिली जात आहेत, ती केंद्राची स्वामित्व योजना २०२० मध्ये सुरू झाली. त्या कार्डाने मालकीचा मोठा प्रश्न सुटतो, पण ड्रोन छप्पर वरून बघतो. छपराखाली किती भिंती आहेत हे तो सांगत नाही.

मग नोंदणी कार्यालयाची सूची क्रमांक दोन, ज्याला सगळे इंडेक्स टू म्हणतात. हा कागद आपल्या कामाचा आहे. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्च सेवेत तो घरबसल्या शोधता येतो. त्यात मोबदला, बाजारभाव, घरक्रमांक, देणारे, घेणारे आणि क्षेत्रफळ असतं. कधीकधी मिळकतीच्या वर्णनात 'दोन खोल्या व किचन' असं लिहिलेलंही सापडतं, पण ते दस्त लिहिणाऱ्याचं वर्णन आहे. कोणा अधिकाऱ्याने जाऊन खोल्या मोजलेल्या नाहीत. तुम्ही इथून क्षेत्रफळ तेवढं उचला.

घरपट्टीचा उतारा हा सगळ्यात जास्त दाखवला जाणारा आणि सगळ्यात जास्त चुकीचा समजला जाणारा कागद. ग्रामपंचायतीत त्याला नमुना आठ म्हणतात. शहरात महापालिकेचं किंवा नगरपालिकेचं कर आकारणीचं पत्रक. यात बांधकामाचा प्रकार, क्षेत्र आणि वापर दिसतो, म्हणून तो जरूर मागा. पण एजंट जेव्हा म्हणतो, "वाढीव खोलीची घरपट्टी भरतोय, म्हणजे खोली कायदेशीरच ना", तेव्हा मान डोलवू नका. कर आकारणी म्हणजे परवानगी नव्हे. महापालिका बेकायदा बांधकामावरही कर लावते, वर दंडही लावते. पिंपरी-चिंचवडच्या लोकांना शास्तीकर हा शब्द समजावून सांगायला नको. तो कर २०२३ मध्ये माफ झाला, पण दंड माफ होणं वेगळं आणि बांधकाम नियमित होणं वेगळं.

तर मग खोल्या मोजलेल्या आहेत तरी कुठे? मंजूर नकाशावर. बांधकामाला परवानगी देताना ज्या नकाशावर शिक्का मारला, क्रमांक आणि तारीख घातली, तोच एक सरकारी कागद आहे जिथे प्रत्येक भिंत काढलेली असते आणि प्रत्येक खोलीचं नाव लिहिलेलं असतं. आणि त्याच्या जोडीला भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी. नकाशा सांगतो काय बांधायला परवानगी होती, ओसी सांगते की ते बांधून झालं, तपासलं, आता वापरा. प्रारंभ प्रमाणपत्र दाखवून "सगळी परमिशन आहे" म्हणणारे पुष्कळ भेटतील. त्याचा अर्थ फक्त काम सुरू करा एवढाच होतो.

नकाशा कसा वाचायचा?

घाबरू नका, इंजिनिअर असावं लागत नाही. नकाशा घेऊन घराच्या दारात उभे राहा आणि एकेका खोलीचं नाव वाचत आत जा. फरक लगेच डोळ्यात येतो.

जाहिरातीत जिथे तिसरी बेडरूम आहे, तिथे नकाशावर 'स्टोअर' लिहिलेलं असतं. किंवा 'बाल्कनी' असते, जिला पुढे काचा लावल्या, मधली भिंत पाडली आणि पलंग टाकला. बंगल्यात जिन्याखालची जागा, गच्चीवरची पत्र्याची शेड, खांबांवरचं पार्किंग भिंती घालून केलेली खोली, उंच छताखाली काढलेला पोटमाळा. या चार जागांकडे मुद्दाम बघा. वाढीव खोल्या बहुतेक इथेच जन्माला येतात.

राष्ट्रीय बांधकाम संहितेत एकाच राहत्या खोलीच्या घरात ती खोली किमान साडेनऊ चौरस मीटरची हवी, आणि दोन खोल्या असतील तर एक साडेनऊची आणि दुसरी किमान साडेसातची. साडेनऊ म्हणजे साधारण १०२ चौरस फूट, साडेसात म्हणजे ८१ चौरस फूट. तुमच्या गावात किंवा शहरात लागू असलेली स्थानिक नियमावली वेगळी बघावी लागेल, पण अंदाजाला हा आकडा डोक्यात ठेवा. सहा बाय नऊची 'बेडरूम' दाखवली तर ती नकाशावर दुसऱ्याच कुठल्या तरी नावाने असणार असं समजून शोधा.

रंगांकडेही बघा. जुन्या घरात बदल करायचा नकाशा असेल तर नवीन काम साधारणपणे लाल रंगात आणि पाडायचा भाग पिवळ्या रेघांनी दाखवतात. म्हणजे असंही होऊ शकतं की तुम्हाला दाखवलेली मागची खोली नकाशावर पिवळ्या रेघांत आहे. पाडू या अटीवर परवानगी घेतली आणि पाडलीच नाही. अशी खोली भाड्याने द्यायचं स्वप्न बघू नका.

नकाशा मालकाकडे नाही, हरवला, वडिलांच्या पेटीत होता, अशी उत्तरं मिळतील. ठीक आहे. मालकाला त्याच कार्यालयातून प्रमाणित प्रत काढायला सांगा. विकायची गरज त्याला आहे, एक चक्कर त्यानेही मारावी. टाळाटाळ झाली तर माहिती अधिकारात स्वतः अर्ज करता येतो. १० रुपये शुल्क आणि उत्तराची मुदत ३० दिवस. "तोपर्यंत दुसरं गिऱ्हाईक येईल" हे वाक्य तुम्हाला ऐकवलं जाईलच. येऊ दे.

फ्लॅट असेल तर

१ मे २०१७ पासून महाराष्ट्रात महारेरा पूर्ण लागू आहे. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरचा आणि आठपेक्षा जास्त फ्लॅटचा नवा प्रकल्प नोंदवल्याशिवाय बिल्डरला विकता येत नाही. ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीवर क्यूआर कोडही सक्तीचा आहे. तो मोबाइलने स्कॅन करा आणि प्रकल्पाच्या पानावर जा. मंजूर नकाशे, कोणत्या प्रकारचे किती फ्लॅट, प्रत्येकाचं चटई क्षेत्र, सगळं तिथे टाकलेलं असतं. जाहिरात म्हणते 'अडीच बीएचके', पानावर तो फ्लॅट टू बीएचके आहे. मग अर्धी खोली कुठून आली हे बिल्डरला विचारायचं, लेखी.

रेराच्या व्याख्येत चटई क्षेत्र म्हणजे आतली वापरायची जागा. आतल्या भिंती त्यात धरतात, बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि उघडी गच्ची धरत नाहीत. म्हणून बाल्कनी बंद करून केलेली खोली चटई क्षेत्रात कधीच सापडणार नाही.

जुन्या, पुनर्विक्रीच्या फ्लॅटला हिशोब स्वतः करावा लागतो. समजा जाहिरात म्हणते थ्री बीएचके, ९५० चौरस फूट. इंडेक्स टू वर क्षेत्रफळ ५८.५० चौरस मीटर कार्पेट. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. गुणाकार करा, ६३० च्या आसपास येतं. ६३० फुटांत हॉल, स्वयंपाकघर, दोन संडास-बाथरूम आणि तीन बेडरूम? बसवायचा प्रयत्न करून बघा कागदावर. ९५० हा आकडा 'सुपर बिल्टअप'चा असतो, त्यात जिना, लिफ्ट, लॉबी सगळं आलं. तिसरी बेडरूम बहुधा बाल्कनीतून आलेली असते.

जोडफ्लॅटचं प्रकरण जरा वेगळं. मुंबई-ठाण्यात दोन शेजारचे फ्लॅट मधली भिंत काढून एक केलेले असतात आणि 'प्रशस्त फोर बीएचके' म्हणून विकायला येतात. पीजी किंवा क्लाससाठी अशी जागा भुरळ घालते. इथे करारनामे दोन, सोसायटीचे भाग दाखले दोन, कराची खाती दोन. दोन्हींची मालकी एकाच माणसाकडे आहे का, दोन्हींवर कर्जाचा बोजा नाही ना, भिंत काढायला परवानगी घेतली होती का, काढलेली भिंत इमारतीचा भार घेणारी तर नव्हती ना? चारही उत्तरं कागदावर हवीत. एका फ्लॅटवर बँकेचं कर्ज असेल आणि दुसऱ्यावर नसेल, तर तुमच्या फोर बीएचकेचा अर्धा भाग बँकेच्या हातात आहे.

गावाकडचं घर असेल तर

इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण होमस्टेच्या उत्साहात लोक सर्वात जास्त पैसे इथेच अडकवतात.

कोकणातल्या जुन्या घराला खोल्यांचं गणित लावणंच मुळात अवघड. ओटी, पडवी, माजघर, देवघर, स्वयंपाकघर, माडी. मूळ घरात बंद खोल्या दोन किंवा तीन. बाकीच्या 'खोल्या' म्हणजे पडवीला विटांची भिंत घातली, गोठ्याला फरशी बसवली, माडीवर प्लायवूडने दोन भाग केले. बघायला सुंदर दिसतं. पण जुन्या घरांना बऱ्याचदा मंजूर नकाशा नसतोच. मग मोजायचं कशावर?

अशा वेळी नमुना आठच्या जुन्या आणि नव्या नोंदी शेजारी ठेवा. ग्रामसेवकांकडे, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, मागच्या आकारणीच्या नोंदी मागता येतात. दहा-पंधरा वर्षांपूर्वी घराचं क्षेत्र काय होतं, बांधकाम मातीचं होतं की विटांचं, आज काय आहे? क्षेत्र मध्येच वाढलेलं दिसलं तर त्या वाढीला परवानगी कोणी दिली ते विचारा. आणि वाढ झालेली डोळ्यांना दिसते, पण नोंदीत नाही, तर ते आणखी वाईट. घर गावठाणात आहे की गावठाणाबाहेर शेतजमिनीवर, हेही बघा. बाहेर असेल तर अकृषिक परवानगी आणि बांधकाम परवानगी हा सगळा दुसरा फडताळा उघडावा लागतो. समुद्राजवळ असेल तर सीआरझेड वेगळंच.

आणि आता खरी गोम. गावाकडच्या घरात प्रश्न 'ही खोली कागदावर आहे का' एवढाच नसतो. 'ही खोली कोणाच्या कागदावर आहे' हा असतो. एकाच छपराखाली दोन भावांचे दोन घरक्रमांक असतात, एकाला जोडून दुसरा, अ आणि ब. मुंबईचा चुलता वर्षातून एकदा गणपतीला येतो, बाकी वर्षभर त्याची बाजू कुलूपबंद किंवा इकडच्या भावाच्या वापरात. घर दाखवताना सगळी दारं उघडून दाखवली जातात. विकणारे भाऊ खोटं बोलतात असंही नाही, त्यांच्या लेखी ते 'आपलंच घर' असतं. पण खरेदीखत त्यांच्या हिश्श्याचं होणार. तुमच्या पाच खोल्यांतल्या दोन काकांच्या निघाल्या, तर पुढच्या गणपतीत तुमचे पाहुणे आणि काकांचं कुटुंब एकाच माजघरात समोरासमोर येतील.

म्हणून घराभोवती फिरून येताना प्रत्येक दारावरचा घरक्रमांक वाचा आणि वीजमीटर मोजा. दोन मीटर दिसले तर दोन्ही कोणाच्या नावावर आहेत ते विचारा. मिळकत पत्रिकेवर किंवा सातबारावर सामाईक नावं असतील, तर सगळ्या सहधारकांची सही किंवा नोंदणीकृत वाटपपत्र, यातलं एक मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नका. शेजारच्या काकूंशी पाच मिनिटं बोला. "ही बाजू कोणाची हो?" एवढं विचारलं तरी पुरे, उतारा काढायच्या आधी उत्तर मिळतं.

आणखी एक. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाच्या बी अँड बी आणि होमस्टे योजनेत १ ते ६ खोल्या, जास्तीत जास्त १२ खाटा, आणि मालकाचं कुटुंब त्याच घरात राहणारं हवं. म्हणजे खोल्या मोजताना तुमची स्वतःची राहायची जागा आधी वजा करा. पाच खोल्या घेतल्या आणि पाचही भाड्याने दिल्या, तर तुम्ही झोपणार कुठे?

टेप, वही आणि बँकेचा माणूस

घर बघायला जाताना टेप घेऊन जा. प्रत्येक खोलीची आतली लांबी-रुंदी लिहा, दारं-खिडक्या कुठे आहेत त्याचं हाताने चित्र काढा, शेजारी कागदावरचं नाव लिहा. तीन रकाने पुरतात: जाहिरातीत काय, प्रत्यक्षात काय, कागदावर काय. मालकाच्या परवानगीने फोटो घ्या. कोणी मोजायलाच हरकत घेतली तर तेही वहीत लिहा.

कर्ज काढणार असाल तर हीच वही बँकेच्या कामी येते. बँक मूल्यांकनकार पाठवते, तो मंजूर नकाशा मागतो आणि नकाशात नसलेल्या बांधकामाची किंमत साधारणपणे धरत नाही. म्हणजे विकणाऱ्याने पाच खोल्यांची किंमत सांगितली, बँकेने तिनांची धरली, आणि मधला फरक तुम्हाला रोख उभा करावा लागला. उद्या हेच घर तारण ठेवून धंदा वाढवायला कर्ज मागायला गेलात, तेव्हाही तेच. आणि एमआरटीपी कायद्याच्या कलम ५३ ची नोटीस आली तर ती आजच्या मालकाला येते. खोली बांधणारा तेव्हा पैसे घेऊन पुण्याला गेलेला असतो.

फरक सापडला म्हणून प्रत्येक सौदा सोडायला हवा असं मी म्हणणार नाही. घर चांगलं असेल तर मालकाला वाढीव बांधकाम नियमित करून द्यायला सांगा. एफएसआय शिल्लक असेल आणि नियमात बसत असेल तर ते होऊ शकतं. मात्र ते पूर्ण झाल्यावर पैसे द्यायचे, 'होऊन जाईल' यावर नाही. नियमित होणार नसेल तर भाव तीन खोल्यांचा ठरवा आणि धंद्याचं गणितही तीनवरच मांडा. उरलेल्या जागेत स्वतःचं सामान ठेवा, पाहुणे नको. तिथे काही अपघात झाला, तर ती खोली मुळात होतीच कशी हा पहिला प्रश्न तुम्हाला विचारला जाईल.

इसार देण्याआधी वकिलाला शोध अहवाल काढायला सांगा आणि वरचे सगळे कागद त्यांच्या हातात द्या. साठेखतात मंजूर नकाशाचा क्रमांक, तारीख आणि खोल्यांचं वर्णन घाला, नकाशाची प्रत परिशिष्ट म्हणून जोडा. बिल्डरकडून घेत असाल तर रेराच्या कलम १३ नुसार नोंदणीकृत करार होईपर्यंत किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम त्याला मागता येत नाही, हे त्याला शांतपणे सांगा.

घर विकत न घेता भाड्याने घेऊन धंदा करणार असाल, तरी यातलं बरंचसं लागू आहे. लिव्ह अँड लायसन्सचा करार महाराष्ट्रात नोंदवावाच लागतो. त्या करारात नुसतं 'फ्लॅट क्रमांक अमुक' न लिहिता कोणत्या खोल्या तुमच्या ताब्यात, गच्ची आणि पार्किंग कोणाचं, आणि धंद्यासाठी वापरायला मालकाची संमती आहे का, हे लिहून घ्या. अनामत रक्कम त्यानंतर.